कॅम्पियन ह्या आडनांवाची कुळकथा

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या तरुण मंडळींनीं बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या उघडल्या, आणि तेव्हांपासून गांवांत आडनांवांखेरीज दुसरा विषय उरलेला नाहीं. कोणाचें घराणें जुनें, कोणाचें आडनांव खानदानी, कोणाच्या आडनांवाचा अर्थ थोर, ह्याचा खल ओटीवर चालतो, बाजारांत चालतो आणि, सांगावयास दुःख होतें, मिस्सा सुटण्यापूर्वीं चर्चच्या पायऱ्यांवरही चालतो. ह्या वादांत आम्हीं निवाडा द्यावा असा महोत्सव समितीचा आग्रह पडला. परंतु ह्याच गांवचें एखादें आडनांव हातीं घेऊन आम्ही बोलूं लागलों, तर अर्धी सभा रागावून उठेल आणि उरलेली अर्धी फुगून बसेल. म्हणून येथें कोणाचेंच नसलेलें, पण आपल्या कानांस अगदींच परकें नसलेलें असें एक विरळ इंग्रजी आडनांव आम्हीं निवडलें आहे. तें म्हणजे कॅम्पियन. मुंबईंत कूपरेजजवळ येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं १९४३ सालीं स्थापिलेली कॅम्पियन शाळा आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. ती ज्यांच्या नांवानें चालते ते रक्तसाक्षी संत एडमंड कॅम्पियन. त्यांच्या आडनांवाची ही कुळकथा आहे.

चॅम्पियन हा शब्द कुस्तीच्या व क्रिकेटच्या कृपेनें आपल्या पोरांच्याही तोंडीं बसला आहे. कॅम्पियन आणि चॅम्पियन हे वस्तुतः दोन शब्द नव्हेत, एकाच शब्दाचीं तीं दोन रूपें होत. लॅटिन भाषेंत काम्पुस म्हणजे मोकळें मैदान. शेतही तेंच आणि रणांगणही तेंच. आपल्या क्षेत्र ह्या शब्दाचा आवांका असाच आहे. पिकाचें तेंही क्षेत्र आणि कुरुक्षेत्र तेंही क्षेत्रच. ह्या काम्पुसपासून उत्तरकालीन लॅटिनांत काम्पियो हा शब्द झाला. त्याचा अर्थ मैदानांत उतरून लढणारा. पुढें फ्रान्समध्यें ह्या शब्दाच्या आरंभींचा क पॅरिसकडील बोलींत च झाला, परंतु नॉर्मंडी आणि पिकार्डी ह्या उत्तरेकडील प्रांतांत तो कच राहिला. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि त्याच्या लोकांच्या बोलीबरोबर कॅम्पियन हें रूप समुद्र ओलांडून आलें. चॅम्पियन हें रूप पॅरिसकडील फ्रेंचमधून आलें. इंग्रजींत गुरांना कॅटल म्हणतात आणि जंगम मालमत्तेस चॅटल. मुळांत शब्द एकच. पकडणें ह्या अर्थाचा कॅच आणि पाठलाग करणें ह्या अर्थाचा चेस हेही असेच सख्खे भाऊ आहेत. क्षेत्र ह्या शब्दाचें मराठींत शेत झालें आणि हिंदींत खेत झालें, तसाच हा प्रकार. इतकेंच नव्हे, तर नॉर्मन लोक येण्याच्या कितीतरी आधीं जर्मन वंशाच्या टोळ्यांनीं तोच लॅटिन शब्द उचलला होता. त्यापासून जुन्या इंग्रजींत केम्पा, म्हणजे योद्धा, हा शब्द झाला आणि त्याचें आज केम्प हें आडनांव आहे. केम्प, कॅम्पियन व चॅम्पियन हीं तीन घराणीं एकमेकांस ओळखतही नसतील, पण शब्दाचें शेत तिघांचें सामाईक आहे.

पण मैदानांत उतरणारा हा मनुष्य कोण? चॅम्पियन म्हणतांच आज आपण अजिंक्य मल्ल असा अर्थ घेतों. मूळ अर्थ निराळा आहे. कॅम्पियन म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें, दुसऱ्याच्या बदलीं लढणारा. नॉर्मन लोकांनीं इंग्लंडांत द्वंद्वन्यायाची चाल आणली. जमिनीच्या हक्काचा तंटा मिटेना, तर दोन्ही पक्षांनीं एकेक लढवय्या उभा करावा, आणि देव सत्यपक्षास जय देईल असें सर्वांनीं मानावें, अशी ती चाल. जमिनीच्या दाव्यांत ज्यांचा तंटा ते स्वतः लढत नसत. शिंगाच्या टोंकाची काठी आणि चामड्याची चौकोनी ढाल घेऊन त्यांचे लढवय्ये सकाळपासून झुंजत. आकाशांत तारे दिसूं लागेपर्यंत प्रतिवादीचा मनुष्य टिकला, तर जमीन प्रतिवादीची. जो हार मानी त्यास ‘क्रेव्हन’ हा शब्द मोठ्यानें उच्चारावा लागे, आणि त्यानंतर न्यायालयांत त्याच्या साक्षीस कांहीं किंमत राहत नसे.

कायद्याची मूळ कल्पना अशी होती कीं वादीच्या लढवय्यानें साक्षीदार म्हणूनच मैदानांत यावें. ह्या जमिनीचा हक्क मीं वा माझ्या बापानें डोळ्यांनीं पाहिलेला आहे, अशी शपथ त्यास घ्यावी लागे. भाड्यानें मिळणाऱ्या मनुष्यास कसला आला हक्क ठाऊक! सर्रास खोट्या शपथा होऊं लागल्या, तेव्हां १२७५ सालच्या कायद्यानें ती शपथच काढून टाकण्यांत आली. खोटें बोलणें थांबविण्यापेक्षां बोलणेंच रद्द करणें सरकारास सोपें वाटलें असावें.

आपल्याकडेही मराठेशाहींत वतनाचा तंटा तोडण्यासाठीं उकळत्या तेलातुपांतून धातूचा तुकडा काढावयास लावीत व त्यास रवादिव्य म्हणत. तेव्हां इंग्रजांस हंसण्याचें आपणांस कारण नाहीं. पवित्र सभेनें असल्या न्यायास बरें मानलें नाहीं. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें अग्नीच्या व पाण्याच्या दिव्यांस आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंस मनाई केली, आणि द्वंद्वाविरुद्ध पूर्वीं केलेले निर्बंध कायम ठेवले. तरीही मोठमोठे मठ आणि महागुरुस्वामी आपल्या जमिनींसाठीं असे लढवय्ये पदरीं बाळगीतच राहिले. १३५५ सालीं सॉल्झबरीचे महागुरु रॉबर्ट वायव्हिल ह्यांनीं शरबर्नच्या किल्ल्यासाठीं सॉल्झबरीच्या अर्लाशीं दावा मांडला, आणि दोन्ही बाजूंचे लढवय्ये सज्ज झाले. त्यांच्या पोशाखाची तपासणी केली तों महागुरूंच्या मनुष्याच्या अंगरख्यांत प्रार्थनांचे व मंत्रतंत्रांचे कागद शिवलेले सांपडले! लढत झालीच नाहीं. पैसे देऊन तडजोड झाली व किल्ला महागुरूंकडे आला. सॉल्झबरीच्या कॅथीड्रलांत महागुरु वायव्हिल ह्यांच्या स्मारकाचा पितळी पत्रा आहे. त्यावर किल्ल्यांत हात जोडून प्रार्थना करणारे महागुरु, आणि खालीं दारांत ढाल घेऊन उभा असलेला त्यांचा लढवय्या, असे दोघेही कोरलेले आहेत. ज्या प्रकारास धर्मपरिषदेनें दूषण दिलें त्याचें चित्र महागुरूंच्या स्मारकावर असावें ही गोष्ट भूषणावह आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु कॅम्पियन म्हणजे नेमका कोण, हें त्या पत्र्याइतकें स्पष्ट दाखविणारें दुसरें चित्र आमच्या माहितींत नाहीं.

ही चाल पुढें कोणाच्या ध्यानींमनीं उरली नाहीं, आणि म्हणूनच ती कायद्यांतून काढण्याचें कोणास सुचलें नाहीं. खुनाच्या आरोपांतून एकवार सुटलेल्या अब्राहम थॉर्नटन नांवाच्या मनुष्यावर मृत मुलीच्या भावानें पुन्हां फिर्याद लावली. तेव्हां थॉर्नटननें भर न्यायालयांत हातमोजा फेंकून द्वंद्वाचा हक्क मागितला, आणि १८१८ सालीं न्यायाधीशांस तो मान्य करावा लागला! १८१९ सालीं पार्लमेंटनें तो कायदा रद्द केला. धंदा गेला, आडनांव मात्र राहिलें.

बापाचें आडनांव मुलानें लावण्याची रीत इंग्लंडांत नॉर्मन विजयानंतर हळूहळू पडली, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणीं ती रुळली. एकदां ती रुळल्यावर नातू मेंढरें राखीत असला काय आणि पुस्तकें विकीत असला काय, तो कॅम्पियनच. शिवाय प्रत्येक कॅम्पियनाचा मूळपुरुष खरोखरच भाडोत्री लढवय्या होता असेंही समजूं नये. दांडगट मनुष्यास शेजारी थट्टेनें असें नांव ठेवीत, आणि थट्टेचें नांव दस्तऐवजांतल्या नांवाहून अधिक चिवट असतें, हें आपल्या गांवांत आम्हीं सांगावयास नको.

आतां ज्यांच्यामुळें हें आडनांव जगास ठाऊक झालें त्यांच्याकडे वळूं. एडमंड कॅम्पियन ह्यांचा जन्म १५४० सालीं लंडन शहरीं झाला. बाप पुस्तकविक्रेता. घरांत ढाल नाहीं, काठी नाहीं. मुलगा बुद्धीचा तीव्र निघाला व ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजांत नांवाजला. १५६६ सालीं एलिझाबेथ राणी ऑक्सफर्डास आली तेव्हां तिच्यासमोर वादविवाद करण्याचा मान त्यांस मिळाला. राणीची मर्जी बसली. राज्याच्या नव्या धर्मपंथांत मोठें पद ठेवल्यासारखें होतें. परंतु त्यांच्या अंतःकरणानें तें स्वीकारलें नाहीं. ते देश सोडून गेले, १५७३ सालीं रोममध्यें येशूसंघांत प्रविष्ट झाले, आणि १५७८ सालीं प्राग येथें धर्मगुरु झाले.

१५८० सालच्या जून महिन्यांत ते गुप्तपणें इंग्लंडांत उतरले. ह्या ठिकाणीं आमच्या विषयाचा गाभा आहे. ते कॅम्पियन म्हणून उतरले नाहींत. ते जवाहिऱ्याच्या वेषांत होते आणि त्यांचें नांव होतें मिस्टर एडमंड्स. जें नांव ऑक्सफर्डास गाजलें होतें तें त्यांस अंगरख्यासारखें काढून ठेवावें लागलें. वर्षभर ते ह्या घरून त्या घरीं जात, रात्रीं पापनिवेदन ऐकत, पहांटे मिस्सा अर्पीत आणि उजाडण्याच्या आंत पुढचा रस्ता धरीत. स्टोनर येथें एका गुप्त छापखान्यांत त्यांनीं ‘दहा कारणें’ नांवाचा लॅटिन ग्रंथ छापविला, आणि १५८१ सालच्या जूनमध्यें ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमधील बांकांवर त्याच्या प्रती कोणीतरी ठेवून गेलें. जुलैमध्यें लायफर्ड येथील एका घरांत ते पकडले गेले. त्यांस लंडनमधून मिरवीत नेण्यांत आलें तेव्हां त्यांच्या टोपीवर एक कागद लावलेला होता, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें: राजद्रोही जेझुइट कॅम्पियन. वर्षभर लपविलेलें आडनांव शत्रूंनीं स्वतःच्या हातानें त्यांच्या डोक्यावर परत ठेवलें.

टॉवरच्या तुरुंगांत त्यांस हातपाय ताणण्याच्या यंत्रावर चढविण्यांत आलें. मग त्याच मोडक्या शरीरानें, पुस्तकांवांचून व तयारीवांचून, राज्याच्या धर्मपंडितांबरोबर चार वेळां वाद करावयास लावलें. न्यायालयांत उजवा हात वर करण्याची आज्ञा झाली तेव्हां तो त्यांच्यानें उचलवेना; शेजारच्या सोबत्यानें त्या हाताचें चुंबन घेऊन तो वर धरला. १५८१ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेस टायबर्न येथें त्यांस फांशीं देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यांत आले. १८८६ सालीं त्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें, आणि १९७० सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं इंग्लंड व वेल्सच्या चाळीस रक्तसाक्षींबरोबर त्यांस संतपद दिलें.

हें सर्व ऐकून कोणीही भाविक म्हणेल कीं पाहा, आडनांवांतच भविष्य लिहिलेलें होतें! दुसऱ्यांसाठीं मैदानांत उतरणारा तो कॅम्पियन, आणि तसेंच झालें. प्रवचनासाठीं हा दृष्टांत गोड आहे, पण तो पुरावा नव्हे. त्याच दिवशीं त्याच वधस्तंभावर एडमंड ह्यांच्या मागोमाग रॅल्फ शर्विन ह्यांनीं प्राण दिला. शर्विन ह्या आडनांवाचा मूळ अर्थ वारा कापीत जाणारा, म्हणजे वेगानें पळणारा! ते कांहीं पळाले नाहींत. त्याच काळीं टॉमस कॅम्पियन नांवाचा एक वैद्य इंग्लंडांत होऊन गेला (१५६७ ते १६२०). त्यानें कविता रचल्या, त्या वीणेसारख्या वाद्यावर बसविल्या, आणि त्या गीतांसाठींच तो आजही ओळखला जातो. आडनांव तेंच, जीवन निराळें. तेव्हां आमच्या आडनांवाचा अर्थ सिंह म्हणून आम्ही शूर, आणि शेजाऱ्याच्या आडनांवाचा अर्थ कोल्हा म्हणून तो लबाड, हा हिशेब ज्यांनीं मांडला आहे त्यांनीं तो पाटीवरून पुसून टाकावा.

आज ह्या आडनांवाचे लोक आहेत तरी किती? स्मिथ, म्हणजे लोहार, हें आडनांव इंग्लंड व वेल्समध्यें पांच लाखांहून अधिक लोक लावतात. कॅम्पियन लावणारे कांहीं हजारच भरतात. ह्याचें पहिलें कारण साधें आहे. लोहार प्रत्येक गांवास लागे. दुसऱ्यासाठीं द्वंद्व खेळणारा मनुष्य शेंकडों गांवांत एखादा. दुसरें कारण गणिताचें आहे, आणि तें सोडविण्यास एक पाद्रीच बसला होता ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें. घराणीं नामशेष कां होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टन ह्या शास्त्रज्ञानें १८७३ सालीं जाहीरपणें विचारला, आणि रेव्हरंड हेन्री वॉटसन ह्या अँग्लिकन धर्मोपदेशकानें त्यास उत्तर शोधलें. दोघांचा निबंध १८७४ सालीं प्रसिद्ध झाला.

त्याचा विचार असा. आडनांव चालतें तें मुलग्यांकडून. कोणास तीन मुलगे, कोणास एक, कोणास एकही नाहीं. ज्याच्या घरीं मुलीच झाल्या त्याचें रक्त पुढें चालतें, आडनांव थांबतें. अशा रीतीनें पिढीगणिक कांहीं आडनांवें गळत जातात आणि उरलेलीं फैलावतात. ह्यांत कोणाचा गुण नाहीं व दोषही नाहीं. वॉटसन ह्यांनीं काढलेला निष्कर्ष मात्र पुरता बरोबर नव्हता. सर्वच आडनांवें शेवटीं नष्ट होतील असें त्यांस वाटलें. पुढील गणितज्ञांनीं दाखविलें कीं पिढीमागें सरासरीनें एकाहून अधिक मुलगे होत असतील तर कांहीं घराणीं टिकण्याचा संभव राहतोच. आम्ही धर्मगुरु ह्या हिशेबांत शून्य धरले जातों, आणि एडमंड कॅम्पियनही शून्यच धरले जातात. आयर्लंडांत लीश व किल्केनी ह्या भागांत कॅम्पियन आडनांवाचीं पुष्कळ घरें आहेत, आणि एडमंड हेही १५७० च्या सुमारास कांहीं काळ डब्लिनला राहून आयर्लंडचा इतिहास लिहीत होते. म्हणून तीं घरें त्यांच्या वंशाचीं असें कोणी म्हणेल तर तें खरें मानूं नका. संतांस संतान नव्हतें. आडनांव एक म्हणून कूळ एक, ही चूक विद्वानांच्याही हातून होते.

साम्राज्याच्या काळांत हें आडनांव गलबतांत बसून दूरवर गेलें. सर विल्यम कॅम्पियन हे १९२४ ते १९३१ पर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर होते. न्यूझीलंडांत जन्मलेल्या जेन कॅम्पियन ह्या बाईंनीं चित्रपट दिग्दर्शनांत मोठें नांव मिळविलें, आणि २०२२ सालीं त्यांस दिग्दर्शनाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. ऑक्सफर्डांत येशूसंघानें १८९६ सालीं उघडलेल्या वसतिगृहास आरंभीं त्याच्या प्रमुखाचें आडनांव देत. प्रमुख बदलला कीं पाटी बदले. क्लार्क झाले, पोप झाले, प्लेटर झाले. १९१८ सालीं तें कायमचें कॅम्पियन हॉल झालें. त्याची आजची इमारत नवी दिल्ली रचणाऱ्या लट्येन्स ह्यांनीं बांधली. आपल्या देशांत कॅम्पियन आडनांवाचें माणूस भेटणें दुर्मीळ, पण मुंबईस आणि भोपाळास शाळांच्या दारावर तें वाचावयास मिळतें. ज्यांस मुलगा नव्हता त्यांचें नांव अशा वाटेनें चाललें आहे.

आतां वह्यांविषयीं थोडें बोलावयाचें आहे, कारण आडनांवांची गणती होते ती वह्यांवरून. इंग्लंडांत प्रत्येक चर्चनें बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु ह्यांची नोंद ठेवावी असा हुकूम १५३८ सालीं टॉमस क्रॉमवेल ह्यानें काढला. ज्यानें मठ मोडले त्याच्याच हुकुमाचें आज संशोधक आभार मानतात. आपल्या पवित्र सभेंत त्रेन्तच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं लग्नाची नोंद सक्तीची केली, आणि १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न व मृत्यु ह्यांच्या वह्यांचे नमुने घालून दिले. परंतु १५८५ च्या कायद्यानें इंग्लंडांत कॅथॉलिक धर्मगुरूनें नुसतें असणें हाच राजद्रोह ठरला, आणि त्यास आसरा देणें हाही देहदंडाचा गुन्हा ठरला. अशा वेळीं नांवांची वही ठेवणें म्हणजे मारेकऱ्यांच्या हातीं यादी देणें होय. म्हणून तेथील कॅथॉलिक घराण्यांच्या बाप्तिस्म्यांचीं अठराव्या शतकापूर्वींचीं पानें फारच थोडीं सांपडतात. १७५४ पासून तर लग्नही कायदेशीर ठरावें म्हणून त्यांस अँग्लिकन चर्चमध्यें जाऊन करावें लागे. ती सक्ती १८३७ पर्यंत चालली. त्या लोकांनीं श्रद्धा राखली, पण आजाआजींचीं नांवें त्यांस राखतां आलीं नाहींत.

एडमंड ह्यांच्या इंग्लंडांत उतरण्याच्या आदल्या वर्षीं, १५७९ सालीं, त्याच संघाचे दुसरे एक इंग्रज गोव्यास येऊन पोहोंचले. तेच १६१६ सालीं राशोल येथें छापलेल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर टॉमस स्टीफन्स. पोर्तुगीज कागदांत ते एस्तेव्हांव झाले, आणि कोठें त्यांच्या बुश्टन ह्या जन्मगांवावरून बुस्तन असेही लिहिले गेले. एका मनुष्याचीं इतकीं रूपें! वहींत आपल्या पणज्याचें आडनांव निराळ्या अक्षरांनीं लिहिलेलें आढळलें म्हणून तो आपला नव्हे असें ठरवून भांडणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आपल्या वह्यांत आडनांवाखेरीज आणखीही पुष्कळ आहे. आईचें नांव आहे, धर्ममातापित्यांचीं नांवें आहेत. आडनांव एकाच ओळीची हकीकत सांगतें. आजी, पणजी आणि तिची आई ह्यांविषयीं तें मुकें असतें. तरुण मंडळींनीं तयार केलेल्या यादींत केवळ आडनांवें उतरविलीं आहेत. आईंचीं नांवेंही उतरवावीं असें आम्हीं त्यांस सांगितलें असून, तें काम पुढील आगमनकाळापर्यंत पुरें व्हावें.

पहिल्या वहीचीं कांहीं पानें वाळवीनें खाल्लीं आहेत. त्या वर्षांतील बाप्तिस्म्याचे वा लग्नाचे दाखले ज्यांच्या घरीं पेटींत असतील त्यांनीं ते रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयांत आणून दाखवावे. नक्कल करून मूळ कागद त्याच दिवशीं परत देण्यांत येईल.